बरणीतले पडदे

माझ्या आईचा उजवा हात कायम अर्धा मिटलेला असायचा. चार बोटं एकमेकांना चिकटून तळव्याकडं वळलेली, अंगठा तेवढा मोकळा. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या वर्षी पालमच्या बाजूच्या आमच्या गावात वस्तीतली काही घरं जाळली, त्यात आमचं एक होतं. आई जळत्या घरात शिरली ती माझी पत्र्याची पेटी काढायला. पेटीत माझे शाळेचे दाखले होते. कडी तापून लाल झालेली, तरी उंबऱ्याबाहेर येईपर्यंत तिनं ती सोडली नाही.

दवाखान्यात मलम लावून पट्टी बांधली. दर दोन दिवसांनी पट्टी बदलायची. जुनी पट्टी ओढली की नुकती धरलेली कातडी तिच्यासोबत निघून यायची आणि खालून पुन्हा रक्त. मी शेजारी उभी राहून तांब्यानं पाणी ओतायचे, पट्टी भिजून सुटावी म्हणून. आई पदर दातात धरून बसायची. तीन महिन्यांनी जखम भरली, बोटं मात्र तशीच राहिली. त्या दाखल्यांवर मला नर्सिंगला प्रवेश मिळाला.

चार-पाच वर्षं इकडंतिकडं नोकरी केल्यावर माझी बदली जिल्ह्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत झाली. गावाचं नाव सांगत नाही. मी, नवरा आणि आई दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा पाथरीच्या रस्त्यावरच्या एका गावात मास्तर होता, सकाळच्या एसटीनं जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

तिथं मी रुजू झाले त्याच पावसाळ्यात एक नवे सर्जन आले. नाशिककडचे, पस्तिशीचे, किडकिडीत, हळू बोलणारे. सर्जन लोक बाळंतपणाच्या खोलीकडं सहसा फिरकत नाहीत. हे आठवड्याभरातच दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, वारेचं तुम्ही काय करता?"

मला वाटलं, कुणी तक्रार केली. म्हटलं, "नातेवाईक मागतात त्यांना देतो, साहेब. कुणी नाही मागितली तर मागच्या खड्ड्यात."

"पुढच्या बाळंतपणाला मला बोलवा."

दुपारी एक बाई मोकळी झाली. मी निरोप पाठवला. त्यांनी बाळामागून पडलेली वार एनॅमलच्या ट्रेमध्ये घेतली, सलाईननं धुतली आणि कडेला बोटांनी चाचपत राहिले. मग एक कड सापडली तशी ती हलकेच सोलू लागले. वारेला लागून जी पिशवी असते तिचे दोन थर असतात हे मी शिकले होते, पण असे वेगळे झालेले कधी पाहिले नव्हते. एक जाड, तांबूस. दुसरा इतका पातळ की त्यांनी तो दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरला तेव्हा पलीकडचं लिंबाचं झाड त्यातून दिसत होतं.

"बाळ नऊ महिने याच्या आत असतं," ते म्हणाले. "पाणी बाहेर जाऊ देत नाही, जंतू आत येऊ देत नाही. भाजलेल्या जखमेवर हा अंथरला की शरीराला वाटतं, कातडी आली. दुखणं तासाभरात कमी होतं."

मी विचारलं, "आणि काढताना?"

"काढायचा नसतो. खाली कातडी धरली की वाळून आपोआप सुटतो."

मी ट्रे धुवायचं निमित्त करून मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

पुढच्या दोन आठवड्यांत मी ते काम शिकले. सलाईन गुलाबी व्हायचं थांबेपर्यंत तो पातळ पडदा धुवायचा, सात-आठ पाणी तरी लागायची. बुळबुळीत थर ओल्या गॉजनं पुसून काढायचा. गुळगुळीत बाजू कुठली आणि खरबरीत कुठली हे बोटाला कळायला लागतं, डोळ्याला नाही कळत. मग तो ओल्या गॉजवर सुरकुती न पडता पसरायचा, घडी करून ग्लिसरीनमध्ये बुडवायचा. दवाखान्यात तसल्या बाटल्या नव्हत्या. लोणच्यासाठी मिळतात तशा रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या आम्ही बाजारातून आणल्या आणि तासभर उकळल्या. बरणीवर चिठ्ठी चिकटवायची, त्यावर तारीख आणि रजिस्टरचा नंबर. नाव लिहायचं नाही. ऑपरेशनच्या खोलीतल्या फ्रीजचा खालचा खण आम्हाला मिळाला. वीज गेली की मी फ्रीजवर गोधडी टाकायचे आणि कुणाला दार उघडू द्यायचे नाही.

कुणाची वार घ्यायची याचे चार नियम साहेबांनी सांगितले आणि मी ते माझ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले. आईला ताप नसावा. पाणी जाऊन फार वेळ झालेला नसावा. रक्ततपासणीत दोष नसावा. बाळ जिवंत जन्मलेलं असावं.

खरी अडचण मागण्याची होती. आमच्याकडं वार अंगणात खोल पुरतात, कुत्र्याच्या तोंडी लागू नये म्हणून वर दगड ठेवतात. दुसऱ्या कुणाच्या हाती ती पडली तर बाईची कूस बंद होते, अशी भीती असते. मी मागायला गेले की बाईपेक्षा तिच्या आईचा चेहरा आधी बदलायचा.

"वार घेऊन काय करायलाय तुमी?"

मी समजावायचे. सगळी घेत नाही, वरचा पापुद्रा तेवढा घेते, बाकीची जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून परत देते. एखादी कचकन म्हणायची, "आमची आमाला द्या." एखादी भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "घ्या, कुणाचं भलं होत असंल तर." ऊसतोडीला जाणाऱ्या बायका लवकर हो म्हणायच्या. त्यांना निघायची घाई असायची आणि पुरायला अंगणही नसायचं.

पहिल्यांदा पडदा लावला तो तीन वर्षांच्या एका पोरीला. उकळतं वरण छातीवर सांडलेलं. पोरगी सकाळपासून एका सुरात किंचाळत होती. साहेबांनी जखम धुतली, मी बरणीतला पडदा धुवून ग्लिसरीन काढलं आणि दोघांनी मिळून तो तिच्या छातीवर अंथरला, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून बोटांनी दाबत. दहा-पंधरा मिनिटांत तिचा आवाज खाली आला. मग हुंदके. मग ती झोपली. तिची आई घाबरली, म्हणाली, "बाई, अशी का गप झाली?" नवव्या दिवशी पडदा कडेनं वाळून उचलला गेला. खाली गुलाबी कातडी होती. साहेब घरी जाताना आमच्या क्वार्टरवरून गेले आणि आईला म्हणाले, "मावशी, तुमच्या लेकीच्या हाताला गुण आहे." आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चहा ठेवला.

तीनेक वर्षं असं चाललं. सगळे वाचले असं नाही. पण पट्टी बदलताना वॉर्डात जो आक्रोश व्हायचा तो कमी झाला होता.

साहेबांची एक बरणी वेगळी असायची. एकदा ऊसतोडीचा एक माणूस आला, कोयता गुडघ्यामागं लागलेला. रक्तवाहिनी तुटली होती आणि बैलगाडीतून येईस्तोवर फार वेळ गेला होता. पाय काळा पडला, मांडीपासून कापावा लागला. त्यानंतर साहेबांच्या डोक्यात एक गोष्ट बसली. ते सांगायचे, परदेशात नाळेतली शीर टिकवून ठेवून ती पायातल्या वाहिनीच्या जागी बसवतात. आपला पडदाही थरावर थर गुंडाळला तर नळी होईल. दुपारी ओपीडी संपली की ते काचेच्या कांडीवर पडदा गुंडाळत बसायचे, चार-पाच थर, ओला असतानाच, आणि सावलीत सुकवायचे. मग कांडीवरून नळी सरकवून काढायची, एका टोकाला दोरा बांधायचा आणि दुसऱ्या टोकातून सिरिंजनं पाणी सोडायचं. बहुतेक नळ्या फुटायच्या. एक टिकली. ती त्यांनी तासभर टांगून ठेवली, थेंब गळला नाही. मी त्यांना एवढं खूष कधी पाहिलं नव्हतं.

"ही कुणाला बसवणार साहेब?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. अजून वीस वर्षं तरी नाही. आधी कळलं पाहिजे की रक्त यात गोठत नाही." त्यांनी ती कांडीसकट ग्लिसरीनमध्ये ठेवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ती वही ते दर दुपारी लिहायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात गंगाखेडकडच्या एका गावातून एक सून आली. एकोणीस-वीस वर्षांची. घरचं गुऱ्हाळ होतं. ती माणसांच्या भाकरी घेऊन गेली होती आणि त्याच वेळी काहिल, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवताना एकाचा पाय घसरला. उकळता पाक तिच्या मांड्यांवर, पोटावर आणि डाव्या हातावर सांडला. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून राहतो आणि भाजत राहतो. तिची सासू सोबत होती. पहिल्या दिवसापासून ती सुनेच्या उशाशी बसली, चमच्यानं पाणी पाजायची, केसांतून बोटं फिरवायची. नवरा दारात यायचा आणि पाहवत नाही म्हणून परत फिरायचा.

आम्ही बरण्यांमधले सगळे पडदे काढले. तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी ती डोळे उघडून पहिल्यांदा नीट बोलली.

"काय लावलंय अंगाला? थंड वाटायलंय."

मी सांगितलं, "बाळाच्या भोवती पडदा असतो ना, तो."

"कुणाच्या बाळाच्या?"

"बऱ्याच जणींच्या. एक तर परवाच झालेली पोरगी. लय रडली."

ती थोडं हसली. "माजं ल्येकरू झाल्यावर माजाबी घ्या मग." मी मान हलवली. पोट इतकं भाजलेलं होतं की पुढं मूल होईल की नाही, मलाच ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला होता. साहेब म्हणाले, दहा दिवस असेच गेले तर ही घरी चालत जाईल. त्याच दुपारी सासूनं मला व्हरांड्यात थांबवलं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की अंगावर लावलेलं ते वारेतलं आहे.

"बाई, ते कुणाचं हाय?"

"माणसाचंच आहे, मावशी."

"माणसाचं त्ये कळतंय मला. कोणत्या घरचं?"

"आम्ही नाव लिहीत नाही. नंबर असतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, हे मी आजही सांगेन. ती भ्यालेली होती. मग आवाज खाली करून तिनं विचारलं, "तुमच्यातलं हाय का?"

मी कुठल्या वस्तीतली, हे तिला कुणी सांगितलं ते मला कळलं नाही. अशा गोष्टी दवाखान्यात दोन दिवसांत कळतात. त्या पडद्यांत कुणाकुणाचे होते ते मला ठाऊक होतं, नंबर लिहिणारी मीच होते. दोन ऊसतोडीच्या बायका, एक मोमीन बाई, एक मारवाड्याची सून, आणि दोघी आमच्या वस्तीसारख्या वस्तीतल्या. नाही म्हणणं सोपं होतं. मी तोवर आयुष्यभर अशा प्रश्नांना काहीतरी टोलवाटोलवी करूनच उत्तर दिलं होतं. त्या दिवशी सकाळपासून सहा बाळंतपणं झालेली होती आणि माझे पाय दुखत होते. मी म्हटलं, "असेल."

एवढंच. एक शब्द.

संध्याकाळी सासरा आणि दोन चुलतसासरे जीपनं आले. साहेबांनी हात जोडले. म्हणाले, "दहा दिवस. फक्त दहा दिवस द्या मला. पाहिजे तर हे काढून दुसरी पट्टी बांधतो, पण पोरीला नेऊ नका."

सासरा शांतपणे बोलला. "साहेब, तुमच्यावर आमचा राग न्हाई. पण बाळंतिणीचा विटाळ पोरीच्या अंगावर घालून ठिवलाय तुमी. त्यो बी कुणाकुणाचा. घरात देव हाय आमच्या. आमी आमच्या जिम्मेदारीवर नेतो."

त्यांनी कागदावर सही केली. स्ट्रेचर जीपमध्ये चढवताना ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाई, का न्यायलेत मला?" मला वाटतं तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. सासू पदरानं तोंड झाकून रडत होती.

आठव्या दिवशी ते तिला परत घेऊन आले. घरी गरम पाण्यानं पडदे खरवडून काढले होते आणि कुणा जाणत्याचा पाला वाटून लावला होता. पाल्याखाली हिरवा पू होता. वॉर्डात शिरायच्या आधी वास आला. तिला ग्लानी होती, अधूनमधून पाणी मागायची.

सासूनं माझे दोन्ही हात धरले. "लावा बाई पुन्यांदा. कुणाचं का असंना."

साहेबांनी प्रयत्न केला. जखम धुतली, सडलेलं काढलं, हातावर एक पडदा अंथरून पाहिला. तो धरला नाही. पुवावरून घसरून चादरीवर आला. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत ती गेली. मी तिचं अंग पुसलं. चादर पायापासून डोक्यापर्यंत ओढली तेव्हा सासू माझ्याजवळ आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी त्या दिवशी न्हाई म्हणला असतात तर आमी नेलं नसतं तिला."

मी साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही खरं बोललात." त्यानं मला काही बरं वाटलं नाही. खरं बोलायला मी तोंड उघडलंच नव्हतं. थकून, थोडं चिडून एक शब्द टाकला होता. हट्टानं टाकला असता तरी एक वेळ चाललं असतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, चूक त्यांची आहे, तू कशाला अंगाला लावून घेतेस. चूक त्यांची होती हे मलाही कळत होतं. पण मेली ती पोरगी, जिनं कुणाला काही विचारलंच नव्हतं.

त्याच सुमारास मला दिवस राहिले. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी. मी कामावर जात होते, वारेचे पडदे सोलत होते, बरण्या भरत होते, पण मागायला गेले की पूर्वीसारखं समजावून सांगणं जमायचं नाही. हो म्हणाली तर घ्यायची, नाही म्हणाली तर पुढं जायचं. माझे महिने भरत आले. एके दिवशी सकाळी मला जाणवलं की कालपासून पोटात हालचाल नाही. मी दोन लाडू खाल्ले, डाव्या कुशीवर झोपले, थंड पाणी प्याले, जे मी दुसऱ्या बायकांना करायला सांगायचे ते सगळं केलं. मग सोबतच्या सिस्टरनं पोटाला ठोके ऐकायची नळी लावली आणि नळी इकडून तिकडं सरकवत राहिली. तिनं मान वर केलीच नाही.

ज्या टेबलाशी मी एवढी वर्षं उभी राहिले, त्यावर मी झोपले. मुलगा होता. अंगावर कुठं खूण नव्हती, काही नव्हतं. त्याला गुंडाळून बाजूला ठेवलं आणि वार पडली, तेव्हा मी म्हटलं, "माझी घ्या."

सोबतची सिस्टर म्हणाली, "गप पडून राहा."

"साहेबांना बोलवा. माझी घ्या."

साहेब आले आणि दारातच थांबले. मी त्यांना सांगितलं, ताप नाही, पाणी जाऊन तासही झाला नाही, रक्त मागच्या महिन्यात तपासलंय. तीन नियम बसतात. ते भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं पाहत होते. माझंच अक्षर.

"नाही घेता येत, सिस्टर," ते म्हणाले.

"पडदा चांगला आहे. मला दिसतोय इथून."

"तो का गेला ते आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही ते दुसऱ्याच्या जखमेवर कसं घालायचं?"

ते बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. तरी त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आमचं घर जाळणाऱ्यांचाही कधी आला नव्हता. मी शेकडो बायकांपुढं हात पसरला होता. माझं द्यायची वेळ आली तेव्हा ते कुणाच्या कामाचं नव्हतं. आई आणि नवऱ्यानं दोन्ही नेऊन पुरलं. कुठं पुरलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला पुन्हा मूल झालं नाही.

वर्षभरात साहेबांची बदली झाली, लांब, विदर्भाच्या पलीकडच्या टोकाला. त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला नाही. वही सोबत नेली आणि नळीची बरणी माझ्या हवाली केली. "हिच्यावर लक्ष ठेवा. पिवळी पडली तर मला कळवा." त्यांच्या जागी जे आले त्यांना या कामात रस नव्हता, पण अडवतही नव्हते. मी एकटीनं बरण्या भरत राहिले. कधी लागायचा पडदा, कधी मुदत संपून टाकून द्यावा लागायचा. नळी पिवळी पडली. मी साहेबांना कळवलं नाही.

मग वरून एक कागद आला. रक्तातून पसरणाऱ्या त्या नव्या आजाराचं नाव आम्ही तेव्हा नुकतंच ऐकलं होतं. कागदात लिहिलं होतं की ज्या ठिकाणी त्याची तपासणी होत नाही तिथं मानवी पडदे साठवू नयेत, वापरू नयेत, असलेला साठा नष्ट करावा. आमच्याकडं ती तपासणी नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणीही तेव्हा नव्हती. नव्या साहेबांनी कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आजच करून टाका आणि सही करा."

मागच्या खड्ड्याशी मी बरण्या नेल्या. दोन खेपा झाल्या. एकेक झाकण उघडून ओतलं. ग्लिसरीन दाट असतं, सावकाश पडतं, आणि पडदा शेवटी गोळा होऊन पडतो. वरून चुना टाकला. नळी कांडीवरून काढायला गेले तर ती काचेला घट्ट धरून बसली होती. जरा जोर लावला तशी उभी चिरत गेली आणि तुकडे हातात आले. तेही टाकले. बरण्या धुवून स्टोअरमध्ये जमा केल्या. पुठ्ठा भिंतीवरून काढला तर तिथं रंगाचा फिकट चौकोन राहिला.

साहेबांना मी एक पत्र लिहिलं. पोस्टकार्डावर उत्तर आलं, तीन ओळींचं. तब्येतीची चौकशी, आणि मग: "आदेश बरोबर आहे. मी तिथं असतो तर मीही हेच केलं असतं. वही माळ्यावर टाकली आहे." त्यानंतर आमचा पत्रव्यवहार राहिला नाही.

वॉर्डात पुन्हा मलम आणि पट्टी सुरू झाली. दर दोन दिवसांनी सकाळी पट्ट्या बदलायचा आवाज बाळंतपणाच्या खोलीपर्यंत यायचा. मी खिडकी लावून घ्यायचे. गरमीच्या दिवसांत बंद खिडकीनं बायका घामाघूम व्हायच्या, तरी लावायचेच.

पुढच्या उन्हाळ्यात एक बाई आली, माळावरच्या कुठल्याशा गावची, तिसरं बाळंतपण. सुखरूप झालं, मुलगी झाली, खणखणीत रडली. मी वार ट्रेमध्ये घेतली तशी ती मान उचलून म्हणाली, "बाई, ठिवून घ्या ती."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"आमच्या शेजारच्या पोरीला लावली व्हती हितं, दुधानं भाजली तवा. लय चांगली झाली. मी घरूनच ठरवून आले. सासूला बी इचारलंय, ती हो म्हणली." बाहेर बाकावर तिची सासू बसली होती. तिनं दारातून आत पाहून मान डोलावली.

एवढ्या वर्षांत न मागता देणारी ती पहिलीच. मी म्हटलं, "आता नाही घेत आम्ही."

"का? खराब हाय का माझी?"

"खराब नाही. चांगली आहे."

"मग?"

मला तिला आजाराचं सांगता येईना, तपासणीचं सांगता येईना. मी म्हटलं, "बंद झालंय ते." ती माझ्याकडं पाहत राहिली. तिला वाटलं असावं की तिच्यातच काही कमी आहे आणि मी सांगत नाही. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. मी वार धडप्यात बांधली, वर एक वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला आणि बाहेर नेऊन सासूच्या हातात दिली. म्हटलं, खोल पुरा, वर दगड ठेवा.